तारांना बोट लावायचं नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या घरात तीन हत्यारं पुजली जायची. आईची कापडं कापायची मोठी कात्री, माझा ऑफिसचा कॅल्क्युलेटर आणि बाबांची गिटार. गिटार पाटावर मावायची नाही, म्हणून तिला वेगळी सतरंजी. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, एवढा साधा नियम. दसरा उजाडला की कात्री कामाला लागायची आणि कॅल्क्युलेटर माझ्या पर्समध्ये जायचा. गिटारची खंडेनवमी मात्र बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, संपलीच नव्हती.

आई तिला मऊ फडक्याने पुसायची. मग तिच्या डोक्याला, म्हणजे जिथे खुंट्या असतात त्या पट्टीवर, हळदकुंकू लावायची. ते कपाळच आहे असं तिने ठरवून टाकलं होतं. झेंडूची माळ घालायची, नमस्कार करायची आणि मलाही करायला लावायची. मी वाकले की दरवर्षी न चुकता म्हणायची, "नमस्कार कर, पण तारांना बोट लावायचं नाही हां." दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने ते कपाळ स्वच्छ व्हायचं आणि गिटार पुन्हा काळ्या पेटीत, पेटी कपाटावर.

मी त्या वेळी मनातल्या मनात हसायचे. माझा जन्म विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेला. कोणी रडत आलं, की त्याची जळालेली वस्तू किती जुनी होती आणि झीज किती वजा करायची, हे मी आधी बघायचे. घरातही सवय सुटली नाही. कपाटावरच्या त्या पेटीकडे बघून मी म्हणायचे, आई, ती आता शोभेची झाली. आई म्हणायची, "असू दे. तुझ्या डोक्यावर नाही ना ठेवली?"

बाबा हवाईयन गिटार वाजवायचे. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. मग ती माणसासारखी गाते. बाबा ती मांडीवर घेऊन बसले की मला लहानपणी वाटायचं, आपल्याला एक बहीण आहे आणि ती सारखी आजारी असते.

आजोबांनी बाबांना गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवलं होतं. पुढेमागे कायम झाले असते. पण बाबांना ऑर्केस्ट्राचं वेड लागलं, आणि देश सोडून चाललेल्या भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियनकडून त्यांनी ही गिटार घेतली. आजोबा त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. पुढे गिरणीच बंद पडली. बाबांचे भाऊ, माझे काका, तिथे कायम झाले होते ते रस्त्यावर आले, आणि बाबा गोरेगावला सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला जाऊन पाकीट घेऊन येत होते. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण काकांना ते न बोलणंच जास्त लागलं असणार. नंतर दिवस फिरले. कीबोर्डवर बटण दाबलं की गिटार वाजायला लागली, आणि गोरेगावहून निरोप यायचा बंद झाला. बाबांनी लग्नाच्या स्वागत समारंभांतून वाजवलं, कांदिवलीतल्या मुलांना शिकवलं. शेवटी शिकायलाही कोणी येईना. आईच्या शिलाई मशीनवर घर चाललं. बाबा तेव्हा खिडकीशी बसून वाजवायचे आणि आई मशीन थांबवून ऐकायची, हे मला चांगलं आठवतं. मशीन थांबायची म्हणून मला राग यायचा.

गिटार अमेरिकेची आहे, असं बाबा म्हणायचे. फार जुनी, फार नामी. मुलीला काही ठेवू शकलो नाही तरी ही आहे, असंही म्हणायचे. काकांना ते पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याने बाबांना गंडवलं, कुठल्यातरी कलकत्त्याच्या कारखान्यातला माल गळ्यात मारला.

मग बाबांना छातीचा त्रास सुरू झाला. ज्या संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलात हलवायचं होतं, त्या संध्याकाळी खाली रिक्षा येऊन उभी होती आणि बाबा गिटार घेऊन बसले होते. मी घाई करत होते. धाप लागत होती तरी एकेक खुंटी पिळून त्यांनी सूर लावला, गिटार पेटीत ठेवली आणि आईला म्हणाले, "लावून ठेवलीय. आलो की वाजवतो." ते आले नाहीत.

तेराव्याच्या जेवणाला पंगत बसली होती. आई वाढत होती. काका शेजारच्याला म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आख्खो जल्म घालवल्यान त्या खोक्यार, आणि ता पण डुप्लिकेट." आईने भाताचं पातेलं तिथेच खाली ठेवलं आणि आत निघून गेली. राहिलेलं मी वाढलं. त्यावर आई काकांशी भांडली नाही, माझ्याशीही बोलली नाही. पण तिच्या मनात ते घर करून बसलं, हे मला मागच्या वर्षी कळलं.

मागच्या वर्षी आमची कांदिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी घरं खाली करायची, बिल्डर भाडं देणार, आपण तीनचार वर्षं दुसरीकडे राहायचं. आई आणि मी, दोघीच घरात. आम्हाला बोरिवलीला एका खोलीचा ब्लॉक मिळाला. काय न्यायचं, काय टाकायचं, यावर रोज वाद. मी पेटीकडे बघितलं की आई माझ्याकडे बघायची. एका दुपारी जुनी भांडी पोत्यात भरता भरता ती म्हणाली, "तू एवढ्या लोकांच्या वस्तूंच्या किमती काढल्यास. ह्याची का नाही काढलीस कधी?"

"विकायचीय?"

"विकायची नाही गो. खरी होती की खोटी, तेवढं मला कळू दे. मी मरायच्या आधी कळू दे. त्यांना फसवलं होतं, की ते बरोबर होते?"

ती ऐंशीच्या घरातली आहे. तिचे हात पोत्याच्या तोंडाशी तसेच थांबले होते. एवढी वर्षं आई ती पेटी पुजत होती आणि एवढी वर्षं काकांचं वाक्यही ती आत वागवत होती, आणि मला पत्ता नव्हता. मी फोनाफोनी सुरू केली.

अंधेरीला, मरोळ गावठाणात, जुनी वाद्यं घेणारा आणि विकणारा एक माणूस असल्याचं कळलं. आम्ही टॅक्सी केली. मी पेटी डिकीत ठेवू म्हटलं, तर आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने ती मागच्या सीटवर दोघींच्या मधे ठेवली. हायवेवर ड्रायव्हरने ब्रेक मारला की आई पेटीवर हात ठेवायची.

तो माणूस साठीचा, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतल्याच गावठाणातला ख्रिस्ती, गळ्यात सोन्याची चेन, खोलीला गारठवून टाकणारा एसी. भिंतीवर गिटारीच गिटारी. कुठल्या नटाच्या मुलाला आपण कुठली गिटार दिली हे त्याने आम्हाला पाणी विचारायच्या आधी सांगितलं. मला तो अजिबात आवडला नाही. पेटी उघडण्यापूर्वी म्हणाला, "बघा मॅडम, रोज दोन लोक येतात. आजोबाची गिटार, अमेरिकन आहे म्हणतात. उघडली की कलकत्ता. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, काय?"

आई म्हणाली, "तुम्ही बघा तर."

त्याने पेटी उघडली आणि तो बोलायचा थांबला. गिटार उचलली, उलटी केली, पाठीच्या लाकडावरून पंजा फिरवला. मधल्या भोकाला नाक लावून वास घेतला. मग डोक्याच्या पट्टीवर अंगठा घासला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे नाव असतं. सोनेरी अक्षरं. कोणी पुसलं?"

मी आईकडे बघितलं. आई त्या पट्टीकडे बघत होती. बारीक बघितलं तर लाकडाच्या रेषांत अजून कुंकू होतं. "दसऱ्याला पुसते मी," ती म्हणाली. "कुंकू राहू नये म्हणून. त्यावर पिवळं काहीतरी होतं खरं. मला वाटलं हळदच आहे."

तो हसला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा करते. त्याने ड्रॉवरमधून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा काढला, भोकातून आत घातला आणि टॉर्च मारला. बराच वेळ आरसा इकडेतिकडे फिरवला. मग मला बोलावलं. "बघा, आतल्या लाकडाच्या ठोकळ्यावर. दिसतं?" आरशात उलटी अक्षरं होती आणि खाली एक नंबर, लाकडात ठोकून उमटवलेला. मला वाचता आलं नाही, त्याने वाचलं. मग कंपनीचं नाव सांगितलं. ते बाबा सांगायचे तेच होतं.

"आंटी," तो म्हणाला, "अमेरिकन आहे. शंभर टक्के. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. माझ्या हातात अशी कधी आली नव्हती. साधी गिटार आहे, नंतर कोणीतरी तारा उचलून हवाईयन केलीय. तुमच्या मिस्टरांना माल समजत होता."

आईने पदराने तोंड पुसलं. नंतर उगाचच हात पुसले. ती खुर्चीत जरा सरळ बसली आणि मला म्हणाली, "ऐकलंस?" बाबा गेल्यानंतर इतका मोकळा चेहरा मी तिचा बघितला नव्हता. मला तेव्हाच तिला उठवून घरी न्यायला हवं होतं असं आता वाटतं, पण ते उगाच आहे. पुढचं ऐकल्याशिवाय ती हललीच नसती.

कारण तो अजून बघतच होता. त्याने गिटार डोळ्यांच्या रेषेत धरली, बंदूक धरतात तशी, आणि दांडीवरून नजर टाकली. मग एक स्टीलची पट्टी वरच्या फळीवर आडवी ठेवली. पट्टी दोन्ही बाजूंनी अधांतरी राहिली. "पोट आलंय बघा हिला. ही तारांची घोडी, अर्धी उपटलीय. हा कागद घालतो खाली, बघा, आरपार गेला. आणि ही चीर." त्याने भोकापासून खालपर्यंत बोट फिरवलं. "मानसुद्धा पुढे आलीय. ह्या तारा किती वर्षं अशा ताणून ठेवल्यात?"

आईने रिकाम्या पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"गिटार ठेवून द्यायची तर तारा सैल करतात, आंटी. ह्या जाड तारा, हवाईयनच्या. सहा तारा रात्रंदिवस ओढतायत, आणि वर मुंबईची हवा. एक तार तुटली असती तरी तुमचं लक्ष गेलं असतं. तुमचे मिस्टर नाही का करायचे सैल?"

"करायचे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पेटीत ठेवताना करायचे. कुईकुई आवाज यायचा. मी स्वयंपाकघरात असले तरी कळायचं, आता झालं, आता ठेवतायत."

"मग?"

"शेवटच्या दिवशी नाही केल्या. लावून ठेवल्या. येऊन वाजवणार होते." ती थांबली. "त्यांनी लावलेला सूर होता तो. मी कोणाला बोट लावू दिलं नाही."

मी क्लेमच्या कामात माणसं रडताना पुष्कळ बघितली आहेत. त्या खोलीत मात्र मला एसीचा राग आला, भिंतीवरच्या गिटारींचा राग आला, त्या माणसाच्या चेनचा राग आला. मी जरा तोडूनच विचारलं, "दुरुस्त होईल की नाही ते सांगा."

"होईल ना. वरची फळी काढून नवीन घालू. पण मग ती ही गिटार नाही राहणार. आवाज ह्याच फळीत असतो." मग त्याने दोन आकडे सांगितले. एक धड असती तर परदेशातले लोक देतील तो, आणि एक आज तो स्वतः देईल तो, खुंट्या आणि पाठीच्या लाकडासाठी. पहिला ऐकून मी खुर्चीचा हात धरला, दुसरा ऐकून सोडला. झीज वजा करून काय उरतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आईने दोन्ही आकडे ऐकले की नाही कोण जाणे. ती गिटारकडे बघत होती.

"सूर तरी आहे ना?" तिने विचारलं.

त्याला समजलं नाही. मला समजलं आणि मी म्हटलं, "आई, राहू दे." पण ती उठली, टेबलाशी गेली, आणि ज्या तारांना तिने वीस वर्षं स्वतःचंही बोट लागू दिलं नव्हतं त्यांच्यावरून तिने अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत, एकदाच.

मला गाण्यातलं काही कळत नाही. मलासुद्धा कळलं. गंजलेला, घोगरा, एकमेकांशी पटत नसलेला आवाज निघाला आणि एक तार तर नुसती पत्र्यासारखी खडखडली.

"असा नव्हता," आई म्हणाली.

तो माणूस आता हळू बोलत होता. "आंटी, सूर राहत नाही असा. लाकूड वाकलं की सूर उतरतो. पहिल्या पावसाळ्यातच गेला असेल."

"पहिल्याच?"

"हो. नुसता ताण राहिला. सूर कधीच गेला."

आईने गंज लागलेला अंगठा पदराला पुसला. मग म्हणाली, "सैल कशा करतात, दाखवा मला." तो म्हणाला, मी करतो. ती म्हणाली, नाही. त्याने पहिली खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते दाखवलं. तिच्या बोटांत हल्ली जोर नाही, सुईत दोरासुद्धा मी ओवून देते. पण ती दोन्ही हातांनी खुंटी धरून पिळत राहिली, आणि ती गंजलेली खुंटी ओरडली. कुई, कुई. तो आवाज मी लहानपणी ऐकला असणार, कारण एकदम मला कांदिवलीच्या घरातला फोडणीचा वास आला. एकेक तार खाली खाली गेली आणि लोंबायला लागली. सहाही तिनेच केल्या. मी मधे पडले नाही, आणि तो माणूसही नाही. शेवटची झाली तेव्हा फळी कुठेतरी कुरकुरली.

त्याने पैसे घेतले नाहीत. पेटी आमच्याबरोबर टॅक्सीपर्यंत आणून दिली. "विकायची झाली तर मलाच सांगा," हेही म्हणालाच.

परतताना आईने पेटी मधे ठेवू दिली नाही. मांडीवर घेतली, आडवी, बाबा गिटार घ्यायचे तशी. जोगेश्वरी गेलं, गोरेगाव गेलं. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हटलं, "खरी निघाली ना शेवटी? बाबा बरोबर होते. काका असते तर त्यांना नेऊन ऐकवलं असतं."

"हो. खरी होती," आई म्हणाली. हायवेवर कुठल्यातरी पुलाचं काम चालू होतं, गाडी थांबून होती. बराच वेळ ती पेटीच्या कडीशी चाळा करत होती. मग माझ्याकडे न बघता, मला विचारावं की न विचारावं अशा आवाजात म्हणाली, "आता ते आले तरी वाजवणार काय?"

मला वाटायचं, ती पूजा, ते कुंकू, तो तारांचा नियम म्हणजे म्हाताऱ्या बाईचं आठवण जपणं. त्या टॅक्सीत मला कळलं, की इतकी वर्षं माझी आई खरोखरच बाबांची वाट बघत होती, आणि ती वाट तिने आज, त्या खोलीत, स्वतःच्या हातांनी सैल करून ठेवली होती.